प्रापंचिक राहून व्रतस्थ संघात: पहिल्या चौकशीपासून कायमच्या वचनापर्यंत

लग्न झालंय, नोकरी आहे, घरात म्हातारी माणसं आहेत, आणि तरीही फ्रान्सिस्कन, कार्मेलाईट किंवा बेनेडिक्टाईन अशा एखाद्या व्रतस्थ संघाच्या वाटेने चालावंसं वाटतं. अशा माणसांसाठी कॅथलिक चर्चमध्ये जुनी जागा आहे. संत फ्रान्सिस असिसीकरांच्या मार्गावर घरदार न सोडता आलेल्यांसाठी पोप निकोलस चौथे यांनी १२८९ मध्येच नियम मंजूर केला होता. पण नवखी माणसं पारख चुकीच्या ठिकाणी करतात. मठाच्या चॅपलमध्ये मन शांत झालं की त्यांना पाचारण, म्हणजे देवाची आपल्यासाठीची हाक, सापडल्यासारखं वाटतं. प्रापंचिक पाचारणाची पारख मात्र मंगळवारी संध्याकाळी साडेसातला होते, मुलांचा अभ्यास, स्वयंपाक आणि ऑफिसचे फोन एकाच वेळी चालू असताना. पुढच्या सगळ्या पायऱ्या हे लक्षात ठेवूनच वाचा.

१. आपण कोणत्या दाराशी उभे आहोत ते आधी बघा

संघाशी जोडलेल्या प्रापंचिकांचे प्रकार बरेच आहेत आणि प्रत्येकाची बांधिलकी वेगळी आहे.

थर्ड ऑर्डर: १९८३ च्या चर्च कायदेसंहितेतल्या ३०३ व्या कलमात याची व्याख्या आहे. सभासद संसारात राहून एखाद्या व्रतस्थ संघाच्या आत्म्याने जगतात, प्रेषितकार्य करतात, आणि वरची देखरेख त्या संघाची असते. सेक्युलर फ्रान्सिस्कन, सेक्युलर कार्मेलाईट, प्रापंचिक डॉमिनिकन हे सगळे यात आले. बांधिलकी साधारणपणे आयुष्यभराची.

ऑब्लेट: बेनेडिक्टाईन परंपरेत तुम्ही एका विशिष्ट मठाशी जोडले जाता. मठ लांब असेल तर हा मार्ग निवडण्याआधी दोनदा विचार करा, कारण नातं त्या घराशी असतं.

सहकारी आणि सहयोगी: सेलेशियन संघाच्या सहकाऱ्यांना पोप नववे पायस यांनी १८७६ मध्ये मान्यता दिली. त्यांची संघटना नीट बांधलेली आहे आणि त्यांचं वचनही गंभीर असतं. धर्मभगिनींच्या अनेक संघांभोवती असलेले सहयोगी गट त्या मानाने सैल असतात. तिथे बांधिलकी बहुधा ठरावीक मुदतीची असते आणि तिचं नूतनीकरण होतं.

सेक्युलर इन्स्टिट्यूट: इथेच सर्वांत जास्त गोंधळ होतो. कलम ७१० आणि पुढच्या कलमांनुसार हे समर्पित जीवन आहे. सभासद जगात राहतात, पण ब्रह्मचर्य, दारिद्र्य आणि आज्ञाधारकता स्वीकारून. विवाहित व्यक्तीला त्याचं पूर्ण सभासद होता येत नाही.

शाळेत किंवा दवाखान्यात संघाबरोबर सेवा करणारे स्वयंसेवकही असतात. ते काम मोठं आहे, पण त्यासाठी वचन लागत नाही. तुम्हाला फक्त सेवा करायची असेल तर उगाच जडणघडणीच्या, म्हणजे वचनाआधीच्या तयारी-शिक्षणाच्या, चार-पाच वर्षांत शिरू नका.

२. वेळेचा हिशोब कागदावर मांडा

भावनेआधी हिशोब. थर्ड ऑर्डरमध्ये रोजची प्रभातप्रार्थना आणि सायंप्रार्थना बहुतेक ठिकाणी अपेक्षित असते. प्रत्येकी दहा ते पंधरा मिनिटं लागतात. कार्मेलाईट मार्गात रोजची मनःप्रार्थना हा गाभाच आहे, आणि बऱ्याच ठिकाणी तिला अर्धा तास देतात. झाला एक तास. जमेल तेव्हा रोजची मिस्सा (चर्चमधली मुख्य उपासना), महिन्यातून किमान एक सभा (येण्याजाण्यासकट अर्धा दिवस धरा), सभेआधीचं वाचन, आणि वर्षातून एक रिट्रीट (एकांतातली प्रार्थना-साधना).

म्हणजे आठवड्याला सात ते नऊ तास. ते कुठून येणार हे लिहून काढा. "पहाटे लवकर उठेन" हे उत्तर बहुतेकांचं असतं, आणि बहुतेकांचं दोन आठवड्यांत कोलमडतं, कारण रात्री झोपायची वेळ कोणी बदलत नाही. पहाटेचा तास मिळवायचा तर रात्रीचा मोबाईल एक तास आधी ठेवावा लागतो.

संघाला फोन करण्याआधी एक महिना स्वतःच करून बघा. ब्रेव्हियरी, म्हणजे या रोजच्या ठरलेल्या प्रार्थनांचं पुस्तक, कधी हातात धरली नसेल तर थेट प्रभातप्रार्थनेवर उडी नको. स्तोत्रांचं चक्र चार आठवड्यांचं, त्यात सणांचे आणि संतांचे बदल, आणि पुस्तकातल्या फिती कुठे ठेवायच्या हेच सुरुवातीला कळत नाही. रात्रप्रार्थनेपासून सुरू करा. तिचं चक्र एकाच आठवड्याचं आहे, पानं कमी उलटावी लागतात आणि दोन-तीन आठवड्यांत निम्मं तोंडपाठ होतं. मग सायंप्रार्थना, मग सकाळची. फितींसाठी साधा क्रम ठेवा: एक स्तोत्रांच्या चालू आठवड्यावर, एक उपासना-काळाच्या विशेष भागावर, एक संतांच्या भागावर, एक रात्रप्रार्थनेवर. मोबाईलवरचं ॲप सोपं पडतं हे खरं, पण त्याच पडद्यावर संदेशही येत राहतात. निदान घरी तरी पुस्तक वापरा.

जोडीदाराशी याच टप्प्यावर बोला. परवानगी मिळवली आणि विषय संपला, असं करू नका. कोणती संध्याकाळ तुम्ही घरी नसाल, मुलांकडे कोण बघेल, हे नेमकं ठरवा. संसाराची कर्तव्यं तुमच्या पाचारणातच मोडतात. घरच्यांवर भार टाकून वाढलेली भक्ती जडणघडण बघणारी अनुभवी व्यक्ती पहिल्या काही भेटींतच ओळखते.

३. कारणं तपासा

पुढचं कारण असेल तर पाचारण नाहीच असं नाही, पण थांबा आणि एखाद्या जाणत्याशी बोला: जवळच्या माणसाचा मृत्यू किंवा नातं तुटून वर्ष व्हायचं आहे, एकटेपणा, पॅरिशमध्ये (आपल्या भागातल्या चर्चमध्ये) कुणाशी बिनसलंय, पूर्वी धर्मगुरू किंवा सिस्टर व्हायचं राहून गेलं आणि आता त्याची भरपाई करायची आहे, एका विशिष्ट फादरांबद्दल ओढ आहे. शेवटचं कारण फार वेळा दिसतं. फादरांची बदली होते आणि सहा महिन्यांत सभासदाचं येणंही बंद होतं. म्हणून संघाचं कृपादान (त्याला देवाकडून मिळालेली खास देणगी आणि वळण) आणि त्यातली माणसं वेगवेगळी बघायला शिका.

४. किमान दोन संघ बघा

एकाच परंपरेची ओळख असेल तर तुलना करायला काहीच नसतं. फ्रान्सिस्कन मार्ग शुभवर्तमान साधेपणाने आणि बंधुभावाने जगण्यावर भर देतो. तिथे गट हाच गाभा आहे, एकट्याने फ्रान्सिस्कन होता येत नाही. कार्मेलाईट मार्ग संत तेरेजा आविलाकर आणि संत जॉन ऑफ द क्रॉस यांच्या शिकवणीचा, मौन आणि अंतःप्रार्थनेचा. डॉमिनिकन मार्गात अभ्यास हा प्रार्थनेइतकाच महत्त्वाचा खांब आहे. वाचनाचा कंटाळा असेल तर तिथे दमछाक होईल. बेनेडिक्टाईन मार्ग स्थैर्याचा, दिवसाच्या लयीचा आणि शास्त्रवाचनाचा. इग्नेशियन वळणाच्या प्रापंचिकांसाठी ख्रिश्चन लाइफ कम्युनिटी आहे, तिथे संत इग्नेशियस लोयोलाकरांच्या आध्यात्मिक साधनेवर सगळं उभं असतं.

प्रत्येक गटाच्या निदान तीन सभांना पाहुणे म्हणून बसा. पहिल्या सभेत सगळे गोड असतात. तिसऱ्या सभेपर्यंत गट नवीन माणसाला विसरतो आणि नेहमीसारखा वागू लागतो. तेव्हा बघा: प्रार्थना वेळेवर सुरू होते का, एकच माणूस बोलत राहतो का, आजारी सभासदाची चौकशी होते का, मतभेद झाला तर काय होतं.

५. नियम आणि घटना मागून घ्या

कलम ३०४ नुसार श्रद्धावंतांच्या प्रत्येक संघटनेला, सार्वजनिक असो वा खासगी, स्वतःची लेखी घटना असावीच लागते. तिच्यात उद्देश, कारभार कोण बघतं आणि सभासदत्वाच्या अटी हे सगळं यायला हवं. तेव्हा "आमच्याकडे सगळं विश्वासावर चालतं" हे उत्तर चालणार नाही.

आणि नवी प्रत मागा. इंटरनेटवर जुन्या काळातले नियम फिरत असतात. सेक्युलर फ्रान्सिस्कनांचा सध्याचा नियम पोप सहावे पॉल यांनी १९७८ मध्ये मंजूर केला. त्याआधीचा १८८३ चा, पोप तेरावे लिओ यांचा, आता लागू नाही, तरी त्यातली उपवासाची आणि पोशाखाची बंधनं वाचून माणसं घाबरतात किंवा भारावतात. निष्पादुक कार्मेलच्या (संत तेरेजा आविलाकरांच्या सुधारणेतून आलेल्या कार्मेलाईट संघाच्या) प्रापंचिक शाखेची सध्याची घटना २००३ ची आहे.

पहिल्या भेटीत हे प्रश्न जरूर विचारा:

- गटाची अधिकृत स्थापना झालेली आहे का, आणि कुणाच्या परवानगीने?
- सध्या किती सभासदांनी कायमचं वचन दिलं आहे?
- जडणघडण कोण बघतं, आणि ती व्यक्ती स्वतः काय शिकली आहे?
- वर्गणी किती, ऐच्छिक की बंधनकारक, हिशोब कोण बघतं?
- मध्येच थांबायचं ठरवलं तर काय करायचं?

शेवटच्या प्रश्नाचं उत्तर देताना समोरचा अवघडला तर त्याची नोंद घ्या.

६. कागदपत्रं लवकर जमवा

संघानुसार यादी थोडी बदलते, पण साधारण हे लागतं:

- बाप्तिस्म्याचा ताजा दाखला
- दृढीकरणाचा (बाप्तिस्म्यानंतर श्रद्धा दृढ करणाऱ्या संस्काराचा) दाखला
- विवाहित असाल तर चर्चमधल्या विवाहाचा दाखला
- आधीचा विवाह चर्चने रद्दबातल ठरवला असेल तर त्या निकालाची प्रत
- पॅरिशच्या प्रमुख धर्मगुरूंचं पत्र
- स्वतःच्या हाताने लिहिलेला अर्ज आणि एक-दोन पानी जीवनवृत्तांत

बाप्तिस्म्याचा दाखला ताजाच का? कलम ५३५ नुसार दृढीकरण, विवाह, धर्मगुरुपदाची दीक्षा आणि व्रतस्थ संघातलं कायमचं व्रतग्रहण यांच्या नोंदी बाप्तिस्म्याच्या मूळ वहीत होतात. कपाटातला लहानपणीचा दाखला त्या नोंदी दाखवत नाही. नवीन काढलेला दाखला तुमची चर्चमधली आजची स्थिती सांगतो. बाप्तिस्मा दुसऱ्या धर्मप्रांतात झाला असेल तर पत्रव्यवहाराला दोन-तीन महिने सहज जातात, त्यामुळे अर्जाच्या आधीच सुरुवात करा. नावाच्या स्पेलिंगमधला फरकही याच वेळी दुरुस्त करून घ्या.

घटस्फोटानंतर नागरी विवाह झाला असेल किंवा विवाह चर्चमध्ये झालाच नसेल, तर ते पहिल्याच बैठकीत सांगा. अशा स्थितीत वचन देण्याची परवानगी सहसा मिळत नाही, पण सभांना येता येईल असे गट आहेत, आणि परिस्थिती दुरुस्त होण्यासारखी असेल तर वाटही दाखवली जाते. तीन वर्षं लपवून वचनाच्या तोंडावर ते उघड होणं सगळ्यांनाच जड जातं. चर्चच्या सहभागितेतून उघडपणे बाहेर पडलेल्या व्यक्तीला सार्वजनिक संघटनेत घेताच येत नाही, असं कलम ३१६ सांगतं.

आणखी एक गोष्ट. कलम ३०७ नुसार एकाहून अधिक संघटनांचं सभासद होता येतं, पण थर्ड ऑर्डरचे स्वतःचे नियम बहुधा दुसऱ्या थर्ड ऑर्डरला जागा देत नाहीत. आधीच कुठे वचन दिलं असेल तर ते सांगा.

७. जडणघडणीचे टप्पे

नावं वेगवेगळी, सांगाडा जवळपास एकच: ओळख, प्राथमिक जडणघडण, तात्पुरतं वचन, कायमचं वचन.

सेक्युलर फ्रान्सिस्कनांकडे ओळखीचा काळ, मग किमान एक वर्षाची जडणघडण, मग नियमाचं वचन. हे वचन स्वभावतःच कायमचं असतं, मात्र आधी दर वर्षी नूतनीकरण होणारं तात्पुरतं वचन घेता येतं. प्रवेशाचा निर्णय स्थानिक गटाची कौन्सिल घेते. निष्पादुक कार्मेलमध्ये किमान सहा महिने संपर्काचा काळ, साधारण दोन वर्षं जडणघडण, मग तीन वर्षांसाठी पहिलं वचन आणि त्यानंतर कायमचं. म्हणजे पहिल्या सभेपासून किमान साडेपाच वर्षं. बेनेडिक्टाईन ऑब्लेट साधारण वर्षभराच्या उमेदवारीनंतर समर्पण करतात.

घाई करू नका, आणि कुणी घाई करत असेल तर तेही चालवून घेऊ नका. सभासदसंख्या घटलेले गट नवीन माणूस आला की खूश होतात आणि ओळखीचा काळ दोन सभांत उरकतात. नुकसान तुमचं होतं, कारण "माझं पाचारण इथे नाही" असं शांतपणे म्हणायला जागाच उरत नाही.

या काळात काय शिकवतात? नियम कलमाकलमाने, संस्थापकाचं जीवन आणि लेखन, प्रार्थनेच्या पद्धती, चर्चची शिकवण, विशेषतः दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेचा चर्चविषयक दस्तऐवज (१९६४). त्यातलं ३१ वं परिच्छेद आधी वाचा. प्रापंचिकाची खास जागा जगातच आहे, घर-नोकरी-समाजाच्या आतून तो देवाचं राज्य शोधतो, असं तिथे स्पष्ट आहे. हे पचलं नाही की माणूस अर्धा संन्यासी व्हायला बघतो: झगा हवा, संघातलं नवीन नाव हवं, मठात खोली हवी. संघाची खूण म्हणून टाऊ क्रूस (T आकाराचा क्रूस), छोटं स्कॅप्युलर (गळ्यात घालायचे कापडाचे दोन तुकडे) किंवा एखादी पिन मिळते, तेवढं पुरे.

जडणघडण बघणाऱ्यांची नजर ज्ञानावर फारशी नसते. तुम्ही नियमित येता का, न येण्याचं आधी कळवता का, कुणाशी खटका उडाला तर काय करता, पॅरिशमध्ये दिसता का, हे ते बघतात. दिलेलं पान न वाचताच सभेला येणारा मागे पडतो. वाचून दर वेळी इतरांना दुरुस्त करणारा त्याहून मागे.

८. पारख कशी करायची

तीन साधनं पुरतात.

पहिलं, वही. रोज रात्री दोन ओळी: आज प्रार्थना झाली का, आणि दिवसात देवाकडे ओढ कुठे वाटली, शुष्कता कुठे. भावनांचे निबंध नकोत. तीन महिन्यांनी वही सलग वाचा, नक्षी आपोआप दिसते. चर्चच्या कार्यक्रमांच्या दिवशीच ओळी उजळ आणि बाकी दिवस कोरे असतील तर ते फादरांना दाखवा.

दुसरं, संत इग्नेशियस यांचा नियम: उद्विग्नतेच्या काळात आधी केलेला निश्चय बदलू नये. सभा कंटाळवाणी वाटू लागली, प्रार्थना कोरडी झाली, म्हणून लगेच राजीनामा लिहू नका. आणि उत्साहाच्या भरात जास्तीचं वचनही देऊ नका. निर्णयाची वेळ आली की कागदावर चार रकाने करा: वचन दिल्याचे फायदे, दिल्याचे तोटे, न दिल्याचे फायदे, न दिल्याचे तोटे. दोन रकाने सगळे भरतात, उरलेल्या दोनांतच खरं काय ते बाहेर येतं. शेवटच्या रकान्यात "लोक काय म्हणतील" याशिवाय काही लिहिता आलं नाही, तर तुम्हाला बरंच काही कळलं आहे.

तिसरं, आध्यात्मिक मार्गदर्शक, आणि तो शक्यतो गटाच्या प्रमुखाहून वेगळा. तुमच्या प्रवेशावर मत देणारी व्यक्ती आणि तुमचं अंतःकरण ऐकणारी व्यक्ती एकच असली की तुम्ही नकळत चांगलं तेवढंच सांगू लागता. व्रतस्थांच्या बाबतीतही कायदा (कलम ६३०) वरिष्ठांना, सभासदाने आपलं अंतःकरण त्यांच्यापुढे उघड करावं म्हणून कोणत्याही प्रकारे प्रवृत्त करायला मनाई करतो. प्रापंचिकाला तर निश्चितच तसा आग्रह होता कामा नये. महिन्यातून एकदा, पाऊण तास पुरतो.

९. इथे थांबा

पुढीलपैकी काही दिसलं तर पुढचं पाऊल टाकू नका: घटना दाखवत नाहीत; जोडीदारापासून किंवा पॅरिशच्या फादरांपासून गोष्टी लपवायला सांगतात; घर, जमीन, दागिने किंवा मृत्युपत्राचा विषय निघतो; वर्षानुवर्षं एकच व्यक्ती प्रमुख आहे आणि निवडणूक होत नाही; कन्फेशन एकाच फादरांकडे करण्याची सक्ती आहे; गट सोडून गेलेल्यांबद्दल वाईटच बोललं जातं. प्रमुखपदाच्या मुदतीबद्दल चर्च अलीकडे कडक झालं आहे. २०२१ मध्ये प्रापंचिकांसाठीच्या व्हॅटिकन विभागाने आपल्या अखत्यारीतल्या आंतरराष्ट्रीय संघटनांसाठी एका कार्यकाळाची मर्यादा पाच वर्षं आणि सलग काळाची दहा वर्षं ठरवली.

शंका गंभीर असेल तर गटात चर्चा करत बसू नका. संघाच्या प्रांतिक वरिष्ठांना किंवा बिशपांच्या कार्यालयाला लेखी कळवा.

१०. वचन, आणि त्यानंतर

वचनासाठी लेखी विनंती करावी लागते. कौन्सिल ती विचारात घेते, मग विधी होतो, आणि संघाच्या वहीत सही. तारीख आणि साक्षीदार नीट लिहिले आहेत का ते त्याच दिवशी बघा. पंधरा वर्षांनी गाव बदललं की ही नोंदच कामी येते.

वचन आणि व्रत एक नव्हे. थर्ड ऑर्डरमध्ये सहसा वचन दिलं जातं. व्रत हे देवाला दिलेलं असतं आणि त्याचं बंधन अधिक खोल असतं (कलम ११९१). काही संघ कायमच्या वचनानंतर ऐच्छिक व्रतांची मुभा देतात, पण पहिल्या पाच-सात वर्षांत त्या फंदात न पडलेलं बरं. भक्तीच्या भरात कुणी स्वतःहून खासगी व्रत घेतलं असेल आणि ते पेलत नसेल, तर कलम ११९६ प्रमाणे योग्य कारण असल्यास पॅरिशचे प्रमुख धर्मगुरूही त्यातून मोकळं करू शकतात. मनात कुढत बसू नका, जाऊन विचारा.

सभासदत्व कुणी मनमानीने काढून घेऊ शकत नाही, त्यासाठी योग्य कारण आणि घटनेतली पद्धत लागते (कलम ३०८). तुम्हाला सोडायचं असेल तर तेही लेखी, कारणासह. नुसतं येणं बंद करून गट तुम्हाला विसरेल अशी वाट बघणं सगळ्यात वाईट, कारण नाव वहीत राहतं आणि पुढे दुसऱ्या संघात जाताना तेच आडवं येतं.

बदली झाली तर निघण्याआधी दोन पत्रं घ्या: तुमच्या वचनाची तारीख सांगणारं, आणि नव्या ठिकाणच्या गटाला ओळख करून देणारं. जवळपास गट नसेल तर जुन्या गटाशी संपर्क कसा ठेवायचा, महिन्याचं वाचन कसं मिळणार आणि वर्षातून किती वेळा प्रत्यक्ष यायचं, हे कौन्सिलशी लेखी ठरवून घ्या. आजारपण आणि म्हातारपणासाठीही हीच सोय वापरतात, फक्त ती मागावी लागते.